वीतभर पाण्याचा दाब

"ऑपरेशन पोटाचं, मग घसा का दुखतोय?" शुद्धीवर आल्यावर बरेच पेशंट हे विचारतात. घरची मंडळी उत्तर देऊनही टाकतात: भुलेचं औषध बाधलं, नाहीतर एसीची थंडी लागली. बिचाऱ्या औषधावर उगाच आळ येतो. घशातून एक नळी आत जाऊन परत बाहेर आलेली असते, हे पेशंटच्या गावीही नसतं.

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारी औषधं दिली, की श्वास यंत्राने चालवावा लागतो. त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत एक ट्यूब सरकवतात. तिच्या टोकाजवळ एक फुगा असतो, त्याचं नाव कफ. (खोकल्यातला नव्हे, शर्टाच्या बाहीचा!) तो फुगवला की ट्यूबभोवतीची फट बुजते. यंत्राने ढकललेला वायू बाहेर निसटत नाही आणि पोटातून वर आलेलं आम्ल सहजासहजी फुफ्फुसात उतरत नाही. अमेरिकन भूलतज्ज्ञ आर्थर ग्युडेल यांनी 1920च्या दशकात हे पटवून देण्यासाठी आपल्या कुत्र्याला भूल दिली, कफवाली नळी घातली आणि चक्क पाण्यात बुडवून ठेवलं. कुत्रा सुखरूप राहिला. त्याचं नाव होतं एअरवे.

प्रश्न आहे तो फुगा किती फुगवायचा याचा. साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब योग्य मानतात, म्हणजे वीतभर किंवा थोडं जास्त पाणी. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या केशवाहिन्या फार नाजूक असतात. 1984 साली एंडोस्कोपमधून हे अस्तर प्रत्यक्ष पाहण्यात आलं. दाब 30च्या वर गेला की रक्तप्रवाह मंदावत होता आणि 50च्या आसपास बंद पडत होता. थोडा वेळ असं झालं तर घसा दुखतो, आवाज बसतो. फार काळ राहिलं तर तिथे जखम होते आणि ती भरताना श्वासनलिका अरुंद होऊ शकते. (घसा दुखायला इतरही कारणं असतात, सगळा दोष कफचा नाही.)

दाब किती, हे कफला बारीक नळीने जोडलेला, बाहेर लोंबणारा छोटा फुगा (पायलट बलून) चिमटीत दाबून ओळखायची जुनी पद्धत आहे. अनुभवी बोटांना कळतं म्हणे! तपासून पाहिलं तेव्हा मुरलेल्या हातांचे अंदाजही सर्रास चुकले. अंधश्रद्धा फक्त पेशंटच्या नातेवाइकांकडेच असते असं नाही.

आणि सुरुवातीला दाब अचूक साधला तरी तो तसाच राहत नाही. इथे माझा आवडता भाग येतो. भुलेसाठी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस वापरला, तर कोणी हात न लावता फुगा फुगत जातो. कफचं प्लॅस्टिक आपल्याला हवाबंद वाटतं, वायूंना ते तसं नसतं. कफमधला एकूण दाब बाहेरपेक्षा जास्त असतो, मग वायू आत शिरतोच कसा? कारण प्रत्येक वायू फक्त स्वतःचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातल्या एकूण दाबातला आपला वाटा बघतो. आत नायट्रस ऑक्साइड शून्य, बाहेर समजा निम्मा. तो प्लॅस्टिकमधून भराभर आत येतो. आतल्या हवेतल्या नायट्रोजनलाही बाहेर जायचं असतं, पण त्याची चाल धिमी. समजा नायट्रोजन आतच अडकला आणि फुगा मोकळेपणी फुगू शकला, तर आतलं मिश्रणही निम्मंनिम्मं होईपर्यंत त्याचं आकारमान दुप्पट व्हायला हवं. श्वासनलिकेत तेवढी जागा कुठली? मग जागेऐवजी दाब वाढतो. वायू बंद केला की उलटा प्रवास सुरू होतो आणि कफ ढिला पडून गळू शकतो. यावर उपाय म्हणून काही जण कफ हवेऐवजी सलाइनने किंवा त्याच वायुमिश्रणाने भरतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरला, डोक्याकडची बाजू खाली केली किंवा नुसती मान वळवली, तरी आकडा बदलतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही. दाब आपोआप राखणारी यंत्रंही आहेत. त्यांना 'स्मार्ट' म्हणायची हौस असते, पण मूळ काम मोजण्याचंच.

साधा हातातला मॅनोमीटर, म्हणजे दाबमापकही पुरतो, फक्त त्याची एक खोड लक्षात ठेवावी लागते. तो पायलट बलूनला जोडताना कफमधली थोडी हवा त्याच्याच नळीत शिरते आणि मोजता मोजता दाब घसरतो. त्यामुळे दर वेळी आकडा पाहून हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर मॅनोमीटर ऑपरेशनभर जोडूनच ठेवायचा.