घरी बांधायची शिडाची होडी: तांब्याच्या तारेच्या टाक्यांपासून इपॉक्सीपर्यंत

होडी बांधायची जुनी पद्धत अशी: कण्यावर (तळाच्या मधल्या लांब लाकडावर) वाके, म्हणजे फासळ्या उभ्या करायच्या, त्यांवर फळ्या वाकवून बसवायच्या, फटी कलफत करायच्या, म्हणजे ठासून बुजवायच्या. या पद्धतीत होडीचा आकार बांधणाऱ्याच्या नजरेत असतो, म्हणून ती नवशिक्याला घरी जमत नाही. हा आकार कागदावर उतरला तो प्लायवूडमुळे. दुसऱ्या महायुद्धात 'मॉस्किटो'सारख्या लाकडी विमानांनी पाण्यात टिकणारे कृत्रिम सरस रुळवले आणि ते पुढे होड्यांना मिळाले. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्सने मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' ही होडी आखली, ती आठ बाय चारच्या दोन प्लायमध्ये बसेल अशी. म्हणूनच ती आठ फुटांच्या आत आहे आणि तिची नाळ (पुढचं टोक) टोकदार नसून सपाट आहे.

तरीही सांध्याला आतून लाकडी पट्टी तिरकी रंधून बसवावी लागे, आणि नवशिक्या तिथेच अडे. केन लिटलडाइक या शिक्षकाने कयाकसाठी (वल्ह्याच्या अरुंद होडीसाठी) वापरलेली, तारेचे टाके घालून प्लाय जोडायची युक्ती बॅरी बकनेलने उचलली. बकनेल बीबीसीवर घरगुती सुतारकाम शिकवत असे. त्याने होड्यांचा आराखडाकार जॅक होल्टसोबत केलेली 'मिरर' ही होडी जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या बोट शोमध्ये आली. 'डेली मिरर' या वृत्तपत्राने ती पुरस्कृत केली, म्हणून हे नाव आणि लाल शिडं. लांबी ३.३ मीटर, वजन सुमारे ४५ किलो, घरी जोडायचा संच तेव्हा ६३ पौंड ११ शिलिंगांना. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या.

कृती अशी: कापलेल्या प्लायच्या कडांलगत समोरासमोर भोकं पाडून तांब्याची तार ओवायची आणि पक्कडीने पिळायची. कडा जुळल्या की आकार आपोआप उभा राहतो. मग आतून काचतंतूची पट्टी रेझिनने (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) चिकटवायची, बाहेरचे पीळ छाटून घासायचे आणि बाहेरूनही पट्टी लावायची. गोव्यात जुन्या पद्धतीने शिवून बांधलेल्या 'कौंडिण्य' जहाजात काथ्याचे टाके कायम भार घेतात. इथे मात्र रेझिन वाळलं की तारेचं काम संपतं.

बिघाड बहुधा तार पिळतानाच होतो. जास्त आवळली तर पातळ प्लाय फाटतो. त्याहून वाईट म्हणजे होडीच्या सांगाड्यालाच बसलेला पीळ, म्हणजे पुढची-मागची बाजू एका पातळीत नसणं: पट्टी वाळल्यावर तो निघत नाही आणि होडी कायम एका बाजूला ओढते. म्हणून रेझिन लावण्याआधी पुढे-मागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, एकीवरून दुसरी नजरेने जुळवून पाहावी.

सुरुवातीच्या पॉलिएस्टर रेझिनची लाकडावरची पकड कमी होती. कडेतून ओल शिरली की पट्टी सुटे. आज इपॉक्सी हे जास्त घट्ट धरणारं रेझिन वापरतात. त्यात लाकडाची बारीक पूड कालवून कोपरा गोल भरला की सांधा खूपच मजबूत होतो. प्लाय आपल्याकडे आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्यावा, आणि प्रत्येक कापलेली कड व भोक रंगाआधी इपॉक्सी पाजून बंद करावं.