रिस्पेकचं बिल कोण भरतो: अ‍ॅक्शन आरपीजीतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अ‍ॅक्शन आरपीजी म्हणजे राक्षस मारत, लेव्हल चढवत आपलं कॅरेक्टर ताकदवान करायचे व्हिडिओ गेम. त्यात कॅरेक्टरची कौशल्यं वाढवणारा स्किल पॉइंट आधी खर्च करावा लागतो, आणि तो वाया गेला का हे फार उशिरा कळतं. रिस्पेक (खर्च केलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटायची सोय) फुकट असावा की महाग, या वादाचं मूळ या उशिरात आहे. जाणकाराला हा उशीर जाणवत नाही, कारण त्याला पुढचं आधीच ठाऊक असतं. बिल येतं ते नवख्याच्या नावावर.

2000 साली आलेल्या ‘डायब्लो 2’मध्ये रिस्पेक नव्हताच. दर लेव्हलला एक पॉइंट मिळायचा, एका स्किलमध्ये जास्तीत जास्त 20 टाकता यायचे आणि टाकलेला पॉइंट कायमचा. नवी स्किल्स 1, 6, 12, 18, 24 आणि 30 या लेव्हलला खुली व्हायची. त्यामुळे मुरलेले खेळाडू सुरुवातीचे पॉइंट दाबून ठेवायचे, कसंबसं रेटत 24 किंवा 30 गाठायचे आणि मग साठा एकाच स्किलमध्ये ओतायचे. नवखा मात्र हाती आलेला पॉइंट लगेच खर्च करायचा. नॉर्मल या सोप्या डिफिकल्टीत ते खपून जायचं. हेल या सगळ्यात अवघड डिफिकल्टीत बरेच राक्षस कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या माऱ्याला इम्यून असतात, म्हणजे त्याचा त्यांच्यावर परिणामच होत नाही. फक्त आगीवर उभी केलेली सोर्सरेस (जादूगारीण) आगीला इम्यून टोळीसमोर आली की तिचा मारा शून्य. चूक बाराव्या लेव्हलची, उघडकीला येते साठीच्या आसपास, आणि इलाज एकच: नवं कॅरेक्टर.

2003 च्या पॅच 1.10 ने सिनर्जी आणल्या. खालच्या स्किलमधले पॉइंट वरच्या स्किलचा मारा वाढवू लागले. सुरुवातीचे पॉइंट वाया जाऊ नयेत यासाठी ही सोय चांगली होती, पण चूक मात्र आणखी महाग झाली. ब्लिझर्ड या बर्फाच्या स्किलवर चालणाऱ्या सोर्सरेसला ब्लिझर्डचे 20 आणि आइस बोल्ट, आइस ब्लास्ट, ग्लेशियल स्पाइक यांचे 20-20 मिळून 80 पॉइंट हवेत. लेव्हल 99 पर्यंतचे 98 आणि क्वेस्टचे (गेममधल्या ठरावीक कामगिऱ्यांचे) 12 धरले तरी एकूण 110 होतात, आणि बहुतेक जण ऐंशीव्या लेव्हलच्या पुढेमागे थांबतात. इकडेतिकडे पंधरा पॉइंट उडवायला जागाच उरली नाही. बिल्ड (पॉइंट कुठे किती टाकायचे याची मांडणी) सांगणारं गाइड समोर उघडून खेळायची सवय इथे पक्की झाली.

रिस्पेक आला तो 2010 च्या पॅच 1.13 मध्ये. डेन ऑफ इव्हिल ही क्वेस्ट संपवली की अकारा हे पात्र सगळे पॉइंट परत देते, दर डिफिकल्टीला एकदा, म्हणजे एकूण तीनदा. त्यापुढे टोकन ऑफ अब्सोल्यूशन लागतं. ते चार वेगवेगळे एसेन्स वस्तू मिसळायच्या क्यूबमध्ये घालून बनतं, आणि एसेन्स फक्त हेलमधल्या अ‍ॅक्ट बॉसकडून (प्रत्येक भागाच्या शेवटच्या बलाढ्य राक्षसाकडून) पडतात. ज्याचं बिल्ड हेलमध्ये कोसळलंय त्याच्याकडून हे बॉस मरत नाहीत. म्हणजे टोकनची खरी गरज असलेल्यालाच ते स्वतःच्या बळावर मिळवता येत नाही. मोजून दिलेल्या रिस्पेकचं असंच होतं: काही जण पहिल्याच तासात हौसेने उडवतात, बाकीचे ‘पुढे लागेल’ म्हणून शेवटपर्यंत वापरतच नाहीत.

सोनं घेऊन एकेक पॉइंट परत देण्याची वाट 2006 च्या ‘टायटन क्वेस्ट’ने दाखवली. 2016 चा ‘ग्रिम डॉन’ त्याच वाटेने गेला. आले तेव्हा दोन्हीकडे पॉइंट सुटायचे, निवडलेली मास्टरी (स्किलचा गट) मात्र सुटत नव्हती. 2012 च्या ‘टॉर्चलाइट 2’ने हात आखडता घेतला: फक्त शेवटचे तीन पॉइंट परत. बोट चुकून पडलेला पॉइंट यात सावरतो, चुकलेला बेत नाही.

त्याच वर्षीचा ‘डायब्लो 3’ दुसऱ्या टोकाला गेला. स्किल आणि रून (स्किलचा प्रकार बदलणारे) हवे तेव्हा बदला, फुकट. साठाव्या लेव्हलला मात्र नेफलेम व्हॅलर होतं: स्किल बदललं की जमवलेले बोनसचे थर गळून पडायचे. पुढे सेट गिअरचा (एकत्र घातल्यावर जादा ताकद देणाऱ्या साहित्याचा) जोर वाढला तशी खरी किंमत तिकडे सरकली. स्किल क्षणात बदलतं, पण सहा नगांचा नवा सेट जमवावा लागतो. फुकट रिस्पेकची जाहिरात वाचून येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

रिस्पेकचा सोन्यातला भाव बांधताना एक हिशोब हमखास चुकतो. समजा, एका पॉइंटचा दर लेव्हलच्या दहापट ठेवला. दहाव्या लेव्हलला 10 पॉइंट गुणिले 100, म्हणजे 1,000. पन्नासाव्याला 50 गुणिले 500, म्हणजे 25,000. लेव्हल पाचपट, बिल पंचवीसपट. दर सरळ रेषेत वाढतोय असं टेबलात दिसतं, पण एकूण रक्कम वर्गाने वाढते, आणि तासाची कमाई त्या वेगाने वाढली नाही तर कोंडी होते. ती कमाईसुद्धा बिघडलेल्या बिल्डने मोजायला हवी. टेस्टिंगवाले चांगलं बिल्ड घेऊन मोजतात आणि ‘वीस मिनिटांचं काम’ म्हणून मोकळे होतात.

डिसेंबर 2024 मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल 2’ अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण तयार होण्याआधीच खेळायला) आला तेव्हा वरच्या लेव्हलच्या रिस्पेकच्या भावावरून ओरड झाली आणि काही दिवसांतच भाव उतरवावा लागला. ‘लास्ट इपॉक’ स्किलसाठी सोन्याऐवजी वेळ घेतो: स्किलच्या ट्रीमधला पॉइंट काढला की त्या स्किलची लेव्हल घटते आणि ती खेळून परत कमवावी लागते. कॅरेक्टर जितकं वर, तितकी स्किलची किमान लेव्हलही वर, त्यामुळे अगदी तळापासून सुरुवात होत नाही. मास्टरी (इथे क्लासची खास शाखा) बदलायची मुभा तिथे एप्रिल 2025 मध्ये आली.

चलन कोणतं, यावरही बरंच ठरतं. 2013 च्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये क्वेस्टमधून मिळणारे सुमारे वीस परतीचे पॉइंट सोडले तर बाकी सगळं ऑर्ब ऑफ रिग्रेट या वस्तूवर चालायचं. त्यातही मधला नोड (पॉइंटच्या जाळ्यातला एक टप्पा) काढता येत नाही. पुढचा भाग तुटत असेल तर टोकापासून उलटं सोडवत यावं लागतं. ऑर्बची देवघेव होते, म्हणून व्यापार जमणारा जुना खेळाडू ते घाऊक उचलतो आणि व्यापाराची खिडकीही न उघडलेला नवखा जमिनीवर पडतील तेवढ्यांवर भागवतो. 2024 च्या 3.25 आवृत्तीत सोन्याने रिस्पेक करायची सोय झाली. हे सोनं एकमेकांना देताच येत नाही, त्यामुळे बाजार जमणाऱ्याची वरचढ निदान या व्यवहारात संपली.