तीन ठिपके आणि अकरा ठिपके: दोन समुद्री खेकडे कसे ओळखावेत

पुण्यात खेकडा म्हटले की बहुतेकांना मावळ-मुळशीच्या ओढ्यांतला, पावसाळ्यात जिवंत विकायला येणारा काळा खेकडा आठवतो. समुद्री खेकड्यांशी शहराचा संबंध येतो तो मुख्यतः गणेश पेठेसारख्या मासळी बाजारात, आणि अलीकडे लक्षद्वीप किंवा अंदमानला जाऊन आलेल्यांनी पाण्याखाली टिपलेल्या छायाचित्रांतून. बाजारातल्या बर्फावर पाठीवर लालसर ठिपके असलेला एक खेकडा दिसतो, छायाचित्रांत तसेच ठिपके मिरवणारा दुसरा, आणि दोघांनाही सर्रास ‘ठिपक्यांचा खेकडा’ म्हटले जाते. प्रत्यक्षात हे दोन वेगळ्या कुळांतले प्राणी आहेत आणि ठिपके सोडले तर त्यांच्यात साम्य फारसे उरत नाही.

बाजारातल्याचे शास्त्रीय नाव पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस. हर्ब्स्ट या जर्मन अभ्यासकाने 1783 मध्ये त्याचे वर्णन केले. हिरवट-करड्या कवचाच्या मागच्या अर्ध्या भागात तीन मोठे गडद तांबडे ठिपके आणि प्रत्येकाभोवती फिकट कडे, ही त्याची खूण इतकी ठळक असते की जाणकार विक्रेत्याला दुसरे काही पाहावे लागत नाही. छायाचित्रातला तो कार्पिलियस मॅक्युलेटस. सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने त्याला 1758 मध्येच नाव दिले होते. त्याच्या फिकट तपकिरी, गुळगुळीत पाठीवर डोळ्यांमागे दोन-दोन, मध्यभागी आडव्या ओळीत तीन आणि मागच्या कडेला दोन किंवा चार असे ठिपके असतात. म्हणजे एकूण संख्या नऊही भरते आणि अकराही, शिवाय कडेचे लहान ठिपके वरून घेतलेल्या चित्रात हमखास निसटतात. म्हणून ठिपके मोजत बसण्याऐवजी सर्वांत मागच्या पायांच्या जोडीकडे पाहावे, असे माझे मत आहे.

तीन ठिपकेवाल्याच्या या शेवटच्या पायांची टोके चपटी, रुंद, वल्ह्यासारखी असतात. तो खरोखर पोहतो, आणि त्याची बाकीची घडणही त्या पोहण्याला साजेशी आहे: कवच पातळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ दाते, त्यांतला शेवटचा दाता काट्यासारखा लांब बाहेर आलेला, आणि नांग्या लांब, सडपातळ, झडप घालण्याजोग्या. उथळ समुद्रातल्या वाळूच्या किंवा चिखलाच्या तळाशी तो राहतो, धोका वाटला की मागे सरकत वाळूत घुसतो आणि डोळे तेवढे बाहेर ठेवतो. लहान मासे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी आणि शिंपले हे त्याचे खाद्य. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंत त्याचा वावर आहे, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो ट्रॉलरच्या जाळ्यात नेहमी सापडतो. चिखलातल्या मोठ्या चिंबोऱ्या नांग्या बांधून जिवंत विकता येतात. हा मात्र पाण्याबाहेर फार काळ टिकत नाही, त्यामुळे पुण्यात तो बहुधा बर्फातच पोहोचतो. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ओढ्यांतला काळा खेकडा भरपूर मिळतो आणि हा दिसेनासा होतो.

त्याच्या प्रजननाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण बाजारात उलटा करून पाहिला तर ते पोटावरच दिसते. नराच्या पोटावरची झडप अरुंद असते, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद आणि गोलाकार. मादी कात टाकण्याच्या बेतात असताना नर तिला धरून ठेवतो आणि तिचे नवे कवच मऊ असतानाच मीलन होते. पुढे लाखो अंडी ती झडपेखाली सांभाळते. सुरुवातीला पिवळी-नारिंगी असणारी ही अंडी आतल्या पिलांचे डोळे तयार होऊ लागले की काळपट होतात. अंड्यांनी भरलेल्या माद्या आवडीने विकत घेण्याची पद्धत मला पटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कार्पिलियसचे शेवटचे पाय साध्या, टोकदार पायांसारखेच असतात आणि त्याला पोहता येत नाही. तो प्रवाळभित्तींवर राहतो, दिवसा कपारीत बसतो, रात्री बाहेर पडतो आणि चालतोही संथपणे. कवच जाड, फुगीर आणि गुळगुळीत. कडेला दात्यांची रांग नाही, फक्त एक बोथट उंचवटा. मोठ्या खेकड्याची रुंदी 18 सेंटिमीटरच्या आसपास जाते. गडद टोकांच्या त्याच्या जाडजूड नांग्यांपैकी एक दुसरीपेक्षा मोठी असते आणि तिच्यात दाढेसारखा उंचवटा असतो. तिच्या जोरावर तो समुद्री गोगलगायींचे शंख फोडून खातो, आणि ग्वाम बेटावर संशोधकांनी त्याच्या या शंख फोडण्याच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंत तो आढळतो. भारतात लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांतून त्याची नोंद आहे. हवाईत अशी दंतकथा आहे की एका भुकेल्या समुद्रदेवाने या खेकड्याला पकडले, खेकड्याने चिमटा काढून रक्त काढले आणि तो निसटला. अखेर देवाने त्याला खाल्ले, पण रक्ताळलेल्या बोटांचे ठसे त्याच्या वंशजांच्या पाठीवर राहिले.

हा फरक ओळखणे खाण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. तीन ठिपकेवाला निर्धास्त खाल्ला जातो. प्रवाळांतल्या रंगीत खेकड्यांबाबत मात्र तशी मोकळीक घेऊ नये, कारण त्याच परिसरात झोझिमस इनियस आणि लोफोझोझिमस पिक्टर यांसारखे अत्यंत विषारी खेकडे राहतात, त्यांच्या पाठीवरही लक्षवेधी नक्षी असते, आणि त्यांच्यातले विष शिजवल्याने नष्ट होत नाही. पर्यटनात रंगीत खेकडा दिसला तर तो उचलू नये. छायाचित्र घ्यायचे असेल तर पाठीबरोबर शेवटचे पाय आणि कवचाची कड स्पष्ट येईल असे घ्यावे, म्हणजे पुढे जाणकाराला त्यावरून निदान कूळ तरी सांगता येते.