अभ्यासक्रमरचनेचे उपागम

काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे आणि ते आत्मसात झाले हे कशावरून ओळखायचे, हे ठरविण्याच्या सुसंगत पद्धती. विषयकेंद्री, विद्यार्थिकेंद्री व समस्याकेंद्री हे त्यांचे प्रचलित वर्गीकरण होय. रचनाकारापुढे मात्र आधी प्रश्न येतो तो प्रारंभ कोठून करावा हा, आणि अभ्यासकांतील मतभेदही मुख्यतः त्याविषयीच आहेत.

उद्दिष्टांपासून प्रारंभ करणाऱ्या उपागमाचे श्रेय सामान्यतः अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांना देतात. उद्दिष्टे, अध्ययन-अनुभव, त्यांची संघटना व मूल्यमापन यांविषयीचे त्यांचे चार प्रश्न १९४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ही मांडणी कितपत नवी होती, हे वादग्रस्त आहे. प्रौढ जीवनातील कामांचे पृथक्करण करून त्यांवरून उद्दिष्टे काढण्याची रीत फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१८ व १९२४ च्या ग्रंथांत मांडली होती. टायलर यांची भूमिका तिचाच परिष्कार आहे, असे हर्बर्ट क्लिबार्ड यांनी १९७० मध्ये सुचविले. हे मत बऱ्याच अंशी ग्राह्य वाटते. तथापि टायलर यांनी विद्यार्थी, समकालीन जीवन व विषयतज्ज्ञ हे उद्दिष्टांचे तीन स्रोत मानून ती तत्त्वज्ञान व अध्ययनाचे मानसशास्त्र या चाळण्यांतून काढली, हा भेद गौण नाही. शिवाय हे विचार अमेरिकेतील ‘आठ वर्षांचा अभ्यास’ (१९३३–४१) या माध्यमिक शाळांतील प्रयोगात घडले. त्याच्या मूल्यमापनाच्या कामात हिल्डा टाबा टायलर यांच्या सहकारी होत्या, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे निश्चित करणे कठीण आहे. टाबा यांनी १९६२ मध्ये दिलेल्या सात पायऱ्यांचा प्रारंभ गरजांच्या निदानापासून होतो. शिक्षकांनी आधी अध्यापनाचे छोटे घटक (युनिट) तयार करून वर्गात पडताळावेत आणि सर्वसाधारण आराखडा त्यानंतर करावा, असा त्यांचा आग्रह होता. ग्रँट विगिन्स व जे मॅकटाय यांची उलट्या क्रमाची रचना (१९९८) अपेक्षित आकलन आणि त्याचा पुरावा आधी ठरवते व अध्यापनाची आखणी नंतर करते. तिची मुळे टायलर यांच्यापर्यंत सहज पोहोचतात.

लॉरेन्स स्टेनहाऊस (१९७५) यांनी प्रक्रियाकेंद्री, म्हणजे फलिताऐवजी अध्ययन-अध्यापनाच्या प्रक्रियेवर भर देणारा, पर्याय मांडला. साहित्यकृतीचे आकलन किंवा वादग्रस्त प्रश्नांवरील चर्चा यांचे फलित आधी बांधून टाकल्यास ज्ञानाचा विपर्यास होतो, हा त्यांचा आक्षेप सबळ आहे. कौशल्यप्रशिक्षणात उद्दिष्टे उपयुक्त ठरतात, हे त्यांनीही मान्य केले होते.

उपागमाची निवड म्हणूनच आशयाच्या स्वरूपावर पुष्कळशी अवलंबून राहते. पूर्वज्ञानावर उभ्या राहणाऱ्या विषयांत क्रमाला महत्त्व येते. जेरोम ब्रूनर यांचा सर्पिल अभ्यासक्रम (१९६०) मूलकल्पनांकडे वाढत्या खोलीने पुनःपुन्हा वळतो. शिक्षकांची तयारी, उपलब्ध वेळ व परीक्षापद्धती यांचाही निवडीवर परिणाम होतो. एकच उपागम सर्वत्र लागू करण्यास जोसेफ श्वाब यांचा विरोध होता. विद्यार्थी, शिक्षक, विषय व परिसर या चारही बाजू जाणणाऱ्यांनी एकत्र विचारविनिमय करावा, हे त्यांचे मत प्रत्यक्ष व्यवहाराशी अधिक जुळते. डेकर वॉकर यांनीही १९७१ मध्ये एका अभ्यासक्रम-प्रकल्पाच्या निरीक्षणावरून दाखवून दिले, की रचनाकार बहुधा उद्दिष्टांच्या यादीऐवजी आपल्या पूर्वधारणांपासून प्रारंभ करतात.