तूर विकायची आणि डाळ विकत आणायची?

खरिपाच्या पेरण्या सुरू झाल्या की विदर्भ-मराठवाड्यातील अनेक गावांत कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी मुक्कामाला येतात. गाव त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखते. ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ या त्यांच्या अभ्यासक्रमाला कृषी शिक्षणाविषयीच्या रंधावा समितीच्या १९९२ मधील शिफारशींमुळे चालना मिळाली आणि २०१५ पासून तो ‘स्टुडंट रेडी’ या व्यापक कार्यक्रमाचा भाग झाला. विद्यार्थी रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, मातीचा नमुना कसा घ्यावा हे दाखवतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करतात आणि रोजनिशी लिहितात. हे सारे उपयोगाचेच आहे. मात्र त्यातील बहुतेक कामे पीक शेतात उभे असेपर्यंतची आहेत. पिकलेले धान्य गावातून कुठे जाते आणि कोणत्या रूपात, किती भावाने परत येते, हे विचारण्याची वेळ विद्यार्थ्यावर क्वचितच येते. स्थानिक अन्नव्यवस्थेची धुरा पेलणारे पदवीधर हवे असतील, तर त्यांच्या शिक्षणात या प्रश्नाला मध्यवर्ती जागा द्यावी लागेल.

तुरीचेच पाहा. हंगाम संपला की शेतकरी तूर बाजार समितीत घालतो आणि पावसाळ्यात त्याच घरी किराणा दुकानातून डाळ येते. पूर्वी डाळ घरच्या जात्यावर भरडली जाई. ते काम मागे पडण्याला कष्ट आणि वेळ ही कारणे आहेतच, पण त्यांच्या मुळाशी तुरीच्या दाण्याची रचना आहे. साल आणि आतील दोन डाळिंब्या यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो आणि तुरीत तो इतका घट्ट असतो की कोरडा दाणा तसाच भरडला तर साल निघण्याआधी डाळीचाच चुरा होतो. म्हणून डाळ मिलमध्ये दाणा प्रथम खरबरीत रुळावरून नेऊन त्याच्या सालीवर ओरखडे पाडतात, त्याला थोडे खाद्यतेल चोळून मुरू देतात, मग पाणी लावून उन्हात वाळवतात. ओरखड्यांतून आत गेलेल्या ओलाव्याने चिकट थर फुगतो, वाळताना आकसतो आणि सालीची पकड सुटते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ हेच तंत्र गावपातळीवर आणते आणि बचत गटांनी ती चालवल्याची उदाहरणे आहेत.

विद्यार्थ्याने या यंत्राजवळ वजनकाटा घेऊन बसावे. साल दाण्याच्या वजनाच्या साधारण १२ ते १५ टक्के असते, म्हणजे क्विंटलमागे ८५ किलो डाळ मिळायला हवी. प्रत्यक्षात चांगल्या चाललेल्या मिलमध्येही ती ७० ते ७५ किलोच्या आसपास मिळते. मधले दहा-पंधरा किलो चुनी आणि भुकटीच्या रूपाने जनावरांच्या दावणीला जातात. दाणे एकसारख्या आकाराचे निवडले होते का, वाळवण पुरेसे झाले का, ढगाळ हवेत घाई केली का, याची उत्तरे या वजनांत सापडतात आणि गटाचा नफा-तोटाही त्यांवरच ठरतो. वर्गात शिकलेले अन्नप्रक्रिया तंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र येथे एकाच वहीत येतात.

यापुढचे गणित मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते गावाच्या गरजेपासून सुरू होते. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दररोज २० ग्रॅम डाळ धरलेली आहे. पट शंभर असेल तर दिवसाला २ किलो आणि शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला ४०० किलो डाळ लागते. ही गरज तूरडाळीनेच भागवायची म्हटली, तर साधारण साडेपाच क्विंटल तूर हवी. कोरडवाहू तूर हेक्टरी आठ-नऊ क्विंटल पिकली, तर शाळेची वर्षाची डाळ एका हेक्टरच्या आत निघते. शिवारात त्याच्या कितीतरी पट तूर असूनही शाळेची डाळ बाहेरून येत असेल, तर अडचण उत्पादनाची नाही हे उघड आहे. खरेदीचे नियम, गुणवत्तेचे दाखले, साठवण आणि पैसे मिळण्यातील दिरंगाई यांत ती शोधावी लागते आणि त्यासाठी विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांशी, आडत्याशी आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोलावे लागते. अशा संभाषणाचे कोणतेही प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात नाही, ही खरी उणीव आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचेही (पूर्वीचे गृहविज्ञान) महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थिनी आणि कृषिदूत यांचा एकच गट केला, तर एकाला शेंगा पोखरणारी अळी ओळखता येईल आणि दुसरीला ताटाचा हिशेब मांडता येईल. शरीराला लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी आणि तुरीच्या प्रथिनांत मेथिओनिन कमी असल्यामुळे वरण आणि भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात. पीक पद्धती आखताना ही गोष्ट माहीत असलेला माणूस ज्वारीत तुरीची आंतरपीक ओळ आणखी एका कारणासाठी राखेल.

बियाण्याच्या बाबतीतही बारकावा लागतो. सोयाबीन स्वपरागीभवनाचे, म्हणजे फुलातल्याच परागाने बी धरणारे पीक असल्याने घरचे बियाणे उगवणक्षमता तपासून पुन्हा पेरता येते. तुरीत मात्र मधमाश्यांमुळे परपरागीभवन होते, तेव्हा बियाण्याचा तुकडा इतर वाणांपासून दूर राखावा लागतो. ‘घरचे बियाणे वापरा’ एवढाच सल्ला देऊन परतणारा पदवीधर तीन-चार हंगामांत वाणाची सरमिसळ करून ठेवील.

राहतो तो हंगामाचा पेच. कार्यानुभवाचा मुक्काम पावसाळ्यात असतो आणि डाळ बनते उन्हाळ्यात, म्हणजे परीक्षांच्या दिवसांत. त्यामुळे कृषिदूत तुरीची पेरणी पाहतो, क्वचित तिची फुले पाहतो, पण डाळ पाहत नाही. एप्रिलमध्ये त्याच गावात आठवडाभराचा दुसरा मुक्काम ठेवला, तर मिल चालू असताना ही वजने घेता येतील. अख्ख्या तुरीवर अंडी घालणारे भुंगेरे भरडलेल्या डाळीला तुलनेने कमी लागतात, त्यामुळे किती तूर लगेच भरडावी आणि किती अख्खी ठेवावी, हेही त्याच वेळी बचत गटासोबत बसून ठरवता येईल.