टोनरमधलं वॅक्स आणि फ्यूजरचं तेल, दोघांचं काम एकच पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही

लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीनच्या प्रिंटवर वरच्याच अक्षरांची पुसट सावली खाली परत उमटायला लागली की हमखास दोन सल्ले मिळतात. एक जण सांगतो रोलरला थोडं सिलिकॉन ऑइल लाव, दुसरा म्हणतो टोनर, म्हणजे छपाईची पावडर बदल, यात वॅक्स बरोबर नाहीये. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं एकच गोष्ट बोलतायत, आणि तसं बघितलं तर काम खरंच एक आहे, टोनर वितळवून कागदावर बसवणारा जो फ्यूजर असतो, त्याच्या गरम रोलरला वितळलेला टोनर चिकटू द्यायचा नाही. पण घावन काढताना तव्यावर तेल फिरवतो ते वेगळं आणि शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालतो ते वेगळं, तसंच हे. तेल बाहेरून रोलरला लागतं, वॅक्स टोनरच्या कणाच्या आतच असतं, आणि एवढ्या फरकावर तुमच्या मशीनला कुठला टोनर चालेल, प्रिंटवर पेन उमटेल का, लॅमिनेशन धरेल का, हे सगळं अवलंबून असतं.

आधी हा चिकटण्याचा प्रश्न आला कुठून ते बघू. या छपाईचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली झेरोग्राफिक, म्हणजे कोरड्या पावडरची प्रत काढली तेव्हा गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर लायकोपोडियमची पावडर टाकली होती आणि ती उचलून घ्यायला मेणकागद वापरला होता, म्हणजे तिथे मेणाचं काम पावडर धरून ठेवायचं होतं, आजच्या बरोबर उलटं. नंतर १९५९ साली झेरॉक्स ९१४ बाजारात आली तिच्यात टोनर वितळायचा तो नुसत्या उष्णतेच्या झोताने, टोनरला वरून काहीच टेकत नव्हतं, त्यामुळे चिकटण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कागद करपायचा, आणि म्हणून त्या मशीनसोबत आग विझवायचं छोटं नळकांडं दिलं जायचं. पुढे वेग वाढवायचा, वीज वाचवायची म्हणून दोन रोलर आले, एक गरम, एक दाबणारा, आणि मधून कागद. उष्णता थेट मिळते, मशीन छोटं होतं, पण आता वितळलेला प्लास्टिकचा थर सरळ रोलरला टेकतो आणि रोलरला टेफ्लॉन किंवा सिलिकॉन रबराचं कव्हर असलं तरी तेवढ्याने भागत नाही.

कारण टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकच. पॉलिएस्टर किंवा स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक रेझिन, त्यात कार्बन ब्लॅक किंवा रंग, विजेचा चार्ज सांभाळणारं केमिकल, वरून बारीक सिलिका, आणि वॅक्स. कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. रोलर जास्त तापला की वितळलेला थर मधूनच फाटतो, अर्धा कागदावर राहतो, अर्धा रोलरवर जातो, आणि रोलर एक फेरी मारून आला की तो अर्धा खाली कागदावर छापला जातो. याला हॉट ऑफसेट म्हणतात. उलट तापमान कमी पडलं तर टोनर कागदाला नीट बसतच नाही, बोटाने पुसला तरी निघतो आणि थोडा रोलरवरही जातो, तो कोल्ड ऑफसेट. या दोन टोकांमधली जी तापमानाची जागा आहे ती जेवढी रुंद तेवढं मशीन निवांत चालतं, जाड कागद असो, पातळ असो, पावसाळ्यात दमट झालेला असो. तेल आणि वॅक्स दोघंही ही जागा वरच्या बाजूने रुंद करतात, फक्त आपापल्या पद्धतीने.

तेलाचं साधं आहे. सिलिकॉन ऑइल, म्हणजे पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन, गरमीत टिकतं आणि त्याला सहसा काही चिकटत नाही. तेल प्यायलेली पट्टी, फेल्ट किंवा वेगळा छोटा रोलर याने ते गरम रोलरवर सतत पातळ पसरवलं जातं. टोनर रोलरला टेकतो असं आपण म्हणतो पण खरं तो तेलाच्या थराला टेकतो, सोडताना तेलाचा थर फाटतो आणि टोनर शाबूत राहतो. रंगीत मशीनना तर सुरुवातीची कितीतरी वर्षं तेलाशिवाय चालायचंच नाही, कारण रंगीत टोनर एकदम पातळ वितळायला लागतो, तीन-चार रंगांचे थर एकात एक मिसळून खालचा रंग वरून दिसला पाहिजे, चकाकी आली पाहिजे, आणि जो टोनर इतका पातळ होतो तो रोलरला लगेच जातो. त्यात वॅक्स भरपूर घालावं तर तेव्हाच्या पद्धतीने ते नीट मिसळायचं नाही, रंग धुरकट व्हायचा. म्हणून तेल.

पण तेलाची किंमत मोजावी लागते. ते फक्त टोनरवर लागत नाही, अख्ख्या पानावर लागतं, कोऱ्या भागावरसुद्धा, कारण रोलर पूर्ण कागदावरून फिरतो. ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटवर, ते ओशट दिसायचं, चिकट नोट चिकटायची नाही, पेन अडकायचं, आणि तेलाची टाकी, पंप, पट्ट्या हा सगळा जास्तीचा संसार मशीनमध्ये ठेवावा लागायचा. म्हणून छोट्या मशीनमधून तेल काढून टाकायची धडपड झाली, आणि त्यासाठी वॅक्स टोनरच्या आत नीट बसवणं हेच खरं कसबाचं काम ठरलं.

वॅक्स कणाच्या आत असतं, मग ते वर येतं कधी? मिनिटाला २० पानं काढणारं मशीन घ्या. कागद सेकंदाला साधारण ११ सेंमी सरकतो, रोलरची पकड ५ मिमी धरली तर टोनरला गरमी मिळते जेमतेम सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात वॅक्सने वितळायचं, पातळ व्हायचं, कणातून बाहेर पडून रोलर आणि टोनर यांच्या मधे थर करायचा, आणि कागद सुटला की गोठायचं. मला टोनरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, की जिथे रोलर टेकतोय बरोबर तिथेच आणि तेव्हाच तेवढंच वंगण तयार होतं, कोरा कागद कोराच राहतो.

यासाठी वॅक्सला एक चमत्कारिक स्वभाव लागतो. रेझिनमध्ये ते पूर्ण विरघळलं तर बाहेर येणारच नाही, उलट रेझिन मऊ करून बसेल. अजिबात पटलं नाही तर आत मोठमोठे गोळे होतात. जुन्या पद्धतीत सगळा माल गरम करून मळतात, थंड करून फोडतात आणि दळतात, आणि फुटताना ढेप नेमकी वॅक्सच्या गोळ्यापाशी फुटते, म्हणजे कणाच्या बाहेरच वॅक्स उघडं पडतं. काही वॅक्स सुटं होऊन वेगळेच कण बनतात. मग हे उघडं वॅक्स ड्रमवर, म्हणजे ज्यावर आधी टोनरचं चित्र उमटतं त्या नळकांड्यावर, थर धरतं, ड्रमला टोनर पुरवणाऱ्या डेव्हलपर रोलरवर जातं, टोनर वाहत नाही, गाठी होतात. काळ्या टोनरमध्ये कमी रेणुभाराचं पॉलिप्रॉपिलीन वॅक्स बरीच वर्षं चाललं, ते वितळतं १४० ते १५० अंश सेल्सियसच्या आसपास, पॉलिएथिलीनचं त्याच्या खाली. पॉलिएस्टरशी जमवून घ्यायला कार्नौबा बरं पडतं, कारण ते स्वतः एस्टरचं बनलेलं आहे, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. ब्राझीलच्या ईशान्येकडे एक ताड होतो, त्याची पानं वाळवून झोडली की त्यांच्यावरचं जे मेण पडतं ते हे, आणि गाड्यांच्या पॉलिशमध्ये, गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीतही तेच असतं.

केमिकल टोनर आला तसा हा गुंता बराच सुटला. त्यात ढेप दळत नाहीत, कण द्रवातच वाढवतात, त्यामुळे वॅक्स गाभ्यात ठेवून वरून कडक रेझिनचं कवच देता येतं. मग कमी तापमानाला वितळणारं पॅराफिन किंवा एस्टर वॅक्ससुद्धा घालता येतं, जे दळलेल्या टोनरमध्ये घातलं असतं तर बाटलीतच गोळा झाला असता. रंगीत प्रिंटर तेलाशिवाय चालायला लागले त्यात या पद्धतीचा वाटा फार मोठा आहे. आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट, टोनरचं रेझिन साधारण ५० ते ६५ अंशांना मऊ पडायला लागतं, विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं, तेव्हा टोनरच्या बाटल्या डिकीत ठेवून अकोला-नागपूर फिरवू नका. वॅक्स उघडं असलेला स्वस्त टोनर आधी गाठी धरतो.

आता ओळखायचं कसं. सावली येतेय म्हणजे फ्यूजरच असं धरून चालू नका, ड्रम नीट साफ होत नसला तरी अशीच सावली येते. एक काळा ठोकळा छापायला द्या आणि पान मशीनच्या मधे असताना झाकण उघडून मशीन थांबवा. फ्यूजरमध्ये न गेलेल्या भागावर, जिथे टोनर अजून सुटी पावडर आहे, तिथेच सावली दिसत असेल तर दोष ड्रमच्या बाजूला आहे, तेल आणि वॅक्स दोघांचा संबंध नाही. तिथे स्वच्छ आणि फ्यूजरमधून बाहेर आलेल्या पानावर सावली, तर ऑफसेट. मग पट्टी घेऊन मूळ ठोकळा आणि सावली यातलं अंतर मोजा, ते रोलरच्या घेराएवढं येतं, ३० मिमी व्यासाचा रोलर असेल तर साधारण ९४ मिमी. आणि टोनर बदलल्या दिवसापासूनच सुरू झालं असेल तर संशय आधी टोनरवर घ्या.

तेलाच्या मशीनमधली प्रिंट ओळखायची तर पानाच्या कोऱ्या भागावर बॉलपेन फिरवा, चिकट नोट लावून बघा. कोऱ्या जागीही शाई तुटत असेल, नोट सुटत असेल, तर तेल. कोऱ्या जागी सगळं व्यवस्थित आणि फक्त गच्च रंगाच्या भागावर घसरतंय, तर ते वॅक्स.

मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये मात्र दोन्ही सोबत असू शकतात. तिथे वेब रोल असतो, कापडासारखी पट्टी हळूहळू पुढे सरकत रोलर पुसते, तिला थोडं तेल असतं, आणि टोनरमध्ये वॅक्सही असतं. वेब संपला तरी कोणी बदलत नाही, काउंटर रिसेट करून तीच पट्टी घासत ठेवतात, मग रोलरवर टोनर साचतो आणि नाव टोनरचं खराब होतं. छोट्या प्रिंटरमध्ये आणखी एक गफलत होते. गरम रोलरऐवजी पातळ फिल्मची नळी, म्हणजे स्लीव्ह, असलेल्या फ्यूजरमध्ये स्लीव्हच्या आतून ग्रीस लावतात, हीटरवर फिल्म घसरायला. ते ग्रीस टोनरला कधी टेकतच नाही, त्याचा ऑफसेटशी काही संबंध नाही, आणि ते बाहेरच्या बाजूला लागलं तर प्रिंट डागाळते, कागद घसरतो.

अदलाबदल केली तर काय होतं? तेलाच्या जुन्या मशीनसाठी बनवलेला, वॅक्स नसलेला किंवा नावापुरतं असलेला टोनर बिनतेलाच्या मशीनमध्ये भरला की ऑफसेट सुरू, कागद रोलरला गुंडाळून जॅम, मग रोलरवरून कागद सोडवणाऱ्या नख्यांचे ओरखडे, आणि रिफिलमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट फ्यूजरवर जातात. त्यावर उपाय म्हणून बिनतेलाच्या रोलरला हाताने तेल लावलं तर थोडी पानं छान येतात, मग तेल संपतं, कारण ते परत पुरवणारी सोय मशीनमध्ये नाही, आणि तोवर जास्तीचं तेल कागदावर, कागदावरून दुसऱ्या बाजूची प्रिंट काढताना टोनर कागदावर ओढणाऱ्या ट्रान्सफर रोलरवर आणि ड्रमवर. सिलिकॉन रबर सिलिकॉन तेल पितं आणि फुगतंही. मला या सल्ल्याचा मनापासून राग आहे, कारण तो देणाऱ्याचं काही जात नाही, आणि ज्याचं पोट त्या एका मशीनवर आहे तो दुकानदार भरतो.

टोनर विकणाऱ्यांनी बाटलीवर एवढं तरी छापावं की हा बिनतेलाच्या फ्यूजरसाठी आहे का, दळलेला आहे की केमिकल. तोपर्यंत विचारून घ्या, आणि मॉडेल सांगून विचारा, नुसतं काळा टोनर द्या म्हणू नका.

लॅमिनेशनवाल्यांसाठी शेवटचं. मुखपृष्ठं, मेनूकार्ड, पत्रिका डिजिटल प्रेसवर काढून साध्या थर्मल फिल्मने लॅमिनेट केली की कडेने सुटतात किंवा गच्च रंगावर फुगे धरतात. ऑफसेट छपाईच्या (वरचा टोनरचा ऑफसेट वेगळा) शाईवर तीच फिल्म घट्ट बसते म्हणून फिल्मवाल्याशी भांडण होतं. तेल असो की वॅक्स, न चिकटू देणं हेच त्यांचं काम आहे आणि फिल्मच्या गोंदालाही ते तसंच वागवतात. डिजिटल प्रिंटसाठी जास्त चिकट गोंदाची वेगळी फिल्म मिळते, ती मागा, आणि पूर्ण ऑर्डर लावायच्या आधी सगळ्यात गडद रंगाचं एक पान लॅमिनेट करून दुसऱ्या दिवशी कोपरा उचलून बघा.