दूध कोमट आहे, पण विरजणाचं काय?

२०१६ साली प्रॉक्सिमा सेंटॉरीभोवती ग्रह सापडला आणि ‘वसतियोग्य’ हा शब्द बातम्यांतून भराभर फिरला. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा, अंतर सव्वाचार प्रकाशवर्षं, हुरूप येणारच. गोंधळ होतो तो या शब्दामुळे. वसतियोग्य पट्टा म्हणजे ताऱ्यापासूनचं असं अंतर, जिथे ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकतं. बस, एवढंच. पाणी आहेच असं नाही, आणि तिथे जीव उपजू शकतो असं तर मुळीच नाही.

उपजण्याच्या प्रश्नासाठी २०१८ साली केंब्रिजच्या पॉल रिमर आणि सहकाऱ्यांनी वेगळाच पट्टा आखला. त्याला उगमाचा पट्टा म्हणू. इथे मोजतात ती ऊब नव्हे, अतिनील प्रकाश. दूध कोमट असणं वेगळं आणि विरजण लागणं वेगळं, तसंच हे. (विरजण म्हणजे आधीचंच दही, तेव्हा उपमा फार ताणू नये.)

अतिनील प्रकाशाला आपण ओळखतो ते जंतूंचा कर्दनकाळ म्हणून. स्वयंपाकघरातल्या यूव्ही फिल्टरचा दिवा साधारण २५४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून तेच काम करतो. गंमत म्हणजे, जीवनाचा कच्चा माल कसा घडला असेल हे तपासतानाही रसायनशास्त्रज्ञ याच जातीचे पाऱ्याचे दिवे वापरतात. हायड्रोजन सायनाइडसारख्या जहाल विषापासून आरएनएच्या (डीएनएच्या जातीच्या, जीवांची माहिती वाहणाऱ्या रेणूच्या) घटकांकडे जाणारी जी वाट जॉन सदरलँड यांच्या गटाने दाखवली, तिला अतिनील प्रकाश लागतो. रिमर यांनी तपासली ती सायनाइड आणि बायसल्फाइट यांची जोडी. प्रकाशात त्यांची अभिक्रिया आरएनएच्या घटकांच्या दिशेने जाते. अंधारात तीच द्रव्यं पुढे कुठेच न जाणाऱ्या संयुगात अडकून पडतात. दोन्ही अभिक्रियांची शर्यतच ही. प्रकाश मंद असेल तर अंधार जिंकतो. कोवळ्या पृथ्वीवर हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता, त्यामुळे ओझोनची छत्रीही नव्हती, आणि २०० ते २८० नॅनोमीटरचा प्रकाश जमिनीपर्यंत पोचत होता.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती हे दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात. केप्लर-४५२बी हा ग्रह दोन्हींत बसतो. लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्यांपाशी मात्र त्यांची फारकत होते. प्रॉक्सिमा त्यांतलाच. सूर्याचं तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन, प्रॉक्सिमाचं ३,००० च्या आसपास. तारा थंड, म्हणून पाण्याचा पट्टा त्याला अगदी खेटून येतो. प्रॉक्सिमाचा तो ग्रह साधारण ११ दिवसांत फेरी पुरी करतो. पण निखाऱ्याजवळ कितीही सरकून बसलं तरी थंडी पळते, कातडी उन्हासारखी रापत नाही. जवळ जाऊन उष्णतेची तूट भरून निघते, अतिनील प्रकाशाची नाही. रिमर यांच्या हिशेबात ४,४०० केल्व्हिनपेक्षा थंड ताऱ्यांचा एरवीचा, शांत प्रकाश या रसायनाला पुरत नाही. आणि आकाशगंगेतले बहुसंख्य तारे लाल बटूच आहेत.

शांत प्रकाश म्हटलं, कारण हे तारे शांत बसत नाहीत. १ मे २०१९ रोजी प्रॉक्सिमावर भडका उडाला आणि अतिनील प्रकाशात तो काही सेकंदांत सुमारे १४,००० पट उजळला. असे भडके पुरेसे वारंवार उडाले तर उगमाची तूट भरून निघू शकते. पण त्यांचाच मारा ग्रहाचं वातावरण ओरबाडू शकतो, आणि वातावरण गेलं की पाणीही टिकत नाही. म्हणजे एक पट्टा मिळवताना दुसरा हातचा जायचा.

मला यात आणखी एक फरक महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. पाण्याचा पट्टा उभा आहे तो उष्णतेच्या भौतिकीवर. उगमाचा पट्टा जीवनाच्या उत्पत्तीच्या एकाच रासायनिक वाटेवर. सुरुवात समुद्रतळावरच्या क्षारीय उष्ण झऱ्यांपाशी झाली असं मानणारे संशोधकही आहेत. अटलांटिकच्या तळाशी २००० साली सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ला अशा झऱ्यांचा नमुना मानतात. तिथे ऊर्जा येते ती खडक आणि पाणी यांच्या रसायनातून. त्या अंधारात वरचा तारा लाल आहे की पिवळा, याने काहीच बिघडत नाही.